पिटातून

टॉकीज पाडलं. २०२४ च्या उन्हाळ्यात जेसीबी लागला आणि चार दिवसांत जागा भुईसपाट. पत्रे, बाल्कनीचा जिना, पडद्यामागची भिंत, तिकिटाची खिडकी, सगळं ट्रॉल्यांत भरून गेलं. गावात एकच टॉकीज होतं म्हणून त्याला नावाची गरज कधी लागली नाही. 'टॉकीज' म्हटलं की झालं. वडापचा थांबा टॉकीज, दवाखान्याचा पत्ता टॉकीजसमोर, मारामारी झाली तर टॉकीजच्या बोळात.

पाडल्यावर गावाला एकदम उमाळा आला. जित्याला घोटभर पाणी नाही आणि मेल्यावर गोडाचं जेवण, तसं. शिकल्यासवरल्या मंडळींनी स्मरणिका काढायचं ठरवलं. डॉक्टर, वकील, पुण्याला घर केलेले बँकवाले, परदेशात गेलेला कुणाचा तरी मुलगा. सगळ्यांच्या आठवणी एकाच उंचीवरच्या. म्हणजे बाल्कनीतल्या. मध्यंतराचा सोडा, पहिल्या दिवशीचा पहिला खेळ, कॉलेज बुडवून पाहिलेला सिनेमा. त्यात वाईट काही नाही. ज्याला त्याला आपलं तरुणपण आठवतं. म्हणून आम्हीही वस्तीतल्या पोरांनी चार पानं लिहून दिली. आमच्या आजाची, आजीची, बापाची. चारही पानं परत आली. वर निरोप – "लिहिलंय चांगलं. पण सिनेमात जात कशाला आणता? अंधारात कुठं जात दिसते?"

मित्रहो, ती चार पानं आणि तो प्रश्न, दोन्ही समोर ठेवून हे लिहितोय.

अंधारात जात दिसत नाही म्हणे. पण टॉकीजात माणूस अंधारातून शिरत नाही. खिडकीवर उजेड असतो. दारावर उजेड असतो. तिकीट उजेडात फाडतात. मध्यंतराला उजेड होतो. आणि खेळ सुटल्यावर जो तो आपापल्या आळीला जातो, तोही उजेडातच. अंधार मधला तेवढा.

आमच्या टॉकीजात चार थर. सगळ्यात पुढं पडद्याला नाक लावून पिट. फरशीसुद्धा नाही, नुसता कोबा. बसायचं मांडी घालून आणि मान वर करून. पडद्यावरची माणसं खालून बघितल्यावर राक्षसासारखी लांबडी दिसायची. त्याच्या मागं बाकडी. त्याच्या मागं लोखंडी खुर्च्या. वर बाल्कनी. बायकांना एका बाजूला वेगळी जागा, मध्ये लाकडी कठडा. पिटात कोण? हमाल, बिगारी, वीटभट्टीवरचे, मागावरचे कांडीवाले, आणि आम्ही. पिटात सगळ्या जातींचे गरीब होते, हे मी लपवत नाही. आमच्या मांडीला मांडी लावून माळ्याचा, धनगराचा, मुसलमानाचा पोरगा बसायचा. गावात दुसरीकडं कुठंही तो असा बसत नव्हता. हे टॉकीजचं देणं आहे, ते मी नाकारणार नाही. पण वर बाल्कनीत मात्र एकाच आळीची माणसं असायची.

त्या पिटातसुद्धा आम्ही सुखासुखी पोचलो नाही. ज्या माणगावात १९२० साली परिषद झाली, शाहू महाराजांनी भर सभेत बाबासाहेबांना आमचा पुढारी म्हणून पुढं केलं, त्या माणगावच्या पट्ट्यातलं आमचं गाव. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, ही गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. राजाला चहा पिऊन दाखवावा लागला, यातच सगळं आलं. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने सगळ्यांना खुले. ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावं लागलं. आपण महाडचं पाणी लक्षात ठेवतो, ठेवलंच पाहिजे. पण राज्यघटनेचं १५ वं कलम पुन्हा एकदा नीट वाचा. त्याच्या दुसऱ्या भागात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, विहिरी, तळी, घाट, रस्ते आहेत. आणि त्यातच सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं आहेत. म्हणजे टॉकीज. तळ्याच्या पंगतीला टॉकीज बसवलंय. पुढं १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात चौथ्या कलमात तेच पुन्हा आलं, आणि ते अडवणं हा गुन्हा ठरला. १९७६ साली त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं.

पाण्याशिवाय माणूस मरतो. सिनेमाशिवाय मरत नाही. तरी तो हक्क घटनेत का? मला वाटतं, कारण माणूस नुसता जगायला जन्मत नाही. हसायला, रडायला, टाळी वाजवायला, शिट्टी मारायलाही त्याला चार माणसांत जागा लागते. करमणुकीचा हक्क हा चैनीचा हक्क नव्हे. तो माणसांत बसण्याचा हक्क आहे.

माझ्या आजाला हे कलम माहीत नव्हतं. त्याला खिडकी माहीत होती. तो सांगायचा – "न्हावी केसाला हात लावत न्हवता. च्याच्या गाड्यावर आमची कपबशी येगळी, खिळ्याला टांगलेली. पर टॉकीजच्या खिडकीतला हात माझ्या हातातनं नाणं घ्यायचा. वरनं टाक म्हणला न्हाई कधी." एवढ्यासाठी तो तिकीट काढायचा. सिनेमा कोणता हे बाहेर आल्यावर विचारलं तर सांगता यायचं नाही.

१९६४ च्या आसपास त्याला विहिरीच्या कामाचे सलग पैसे मिळाले. खिडकीवर त्यानं बाल्कनीचं तिकीट मागितलं. मिळालं. जिन्याशी डोअरकीपर उभा. तिकीट बघितलं, माणूस बघितला. "वरची खुर्ची मोडलीया. खाली बस जा." जातीचं नाव नाही, शिवी नाही, ढकलणं नाही. खाली जाऊन बसला. वरच्या-खालच्या दरातला फरक कुणी परत दिला नाही. त्यानंही मागितला नाही. पुढं अख्ख्या हयातीत तो त्या जिन्यानं चढला तो फक्त झाडू, बादली आणि पोस्टरची खळ घेऊन.

इथं मला सातासमुद्रापलीकडची एक बाई आठवते. कॅनडात नोव्हास्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्यात न्यू ग्लासगो नावाचं गाव, आपल्या तालुक्यासारखंच. तिथं रोझलँड नावाचं टॉकीज होतं. ८ नोव्हेंबर १९४६ ला व्हायोला डेस्मंड नावाची काळी बाई तिथं आली. वय ३२. हॅलिफॅक्स शहरात तिचं स्वतःचं केशभूषेचं दुकान. प्रवासात मोटार बिघडली, दुरुस्तीला वेळ होता, म्हणून सिनेमाला गेली. तिला तिकीट दिलं बाल्कनीचं, ती बसली खाली. तिची नजर अधू, लांबून दिसत नव्हतं. उठवायला आल्यावर ती म्हणाली, खालच्या दराचे पैसे घ्या. घेतले नाहीत. पोलीस बोलावून तिला ओढत बाहेर काढलं, रात्रभर कोठडीत ठेवलं.

आता गंमत बघा. काळ्यांनी खाली बसू नये असा कायदा तिथं नव्हताच. मग गुन्हा कोणता लावला? करमणूक कर बुडवल्याचा. खालचं तिकीट ४० सेंट, वरचं ३० सेंट. दोन्हींवरच्या करातला फरक एक सेंट. एक सेंट बुडवला म्हणून २० डॉलर दंड आणि वर ६ डॉलर खर्च. खटल्यात वर्णाचा उल्लेखच नाही. ती वरच्या कोर्टात गेली, तिथंही हरली. १९६५ साली ती वारली. २०१० साली सरकारनं तिला निर्दोष ठरवून माफी दिली, आणि २०१८ साली कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आलं. एका सेंटची गुन्हेगार दहा डॉलरवर.

यातलं काय घ्यायचं आपण? तिथं काळ्यांना वर बसवत होते, इथं आम्हाला खाली. म्हणजे वर किंवा खाली यात काही नाही. कुणी कुठं बसायचं हे कोण ठरवतो, त्यात सगळं आहे. आणि ठरवणारा जातीचं किंवा रंगाचं नाव कधीच घेत नाही. तो म्हणतो खुर्ची मोडलीय. तो म्हणतो कर बुडवला. तो म्हणतो, सिनेमात जात कशाला आणता?

आता परत आलेल्या पानांत काय होतं ते सांगतो.

पहिलं पान हलगीचं. टॉकीजात नवा सिनेमा लागला की आजा हलगी घेऊन गावभर फिरायचा. पुढं हातगाडी, गाडीवर दोन्ही बाजूंनी पोस्टर, मागं पोरांची फौज. चौकात थांबून हलगीवर टिपरी आणि खड्या आवाजात सिनेमाचं नाव, खेळाच्या वेळा. १९५६ नंतर वस्तीत ठराव झाला होता, मेलेलं ढोर ओढायचं नाही, गावकीची कामं करायची नाहीत, हलगी वाजवायची नाही. पोरांनी आजाला अडवलं. तो म्हणाला, "ही गावकी न्हाई. भाकरतुकडा मागाय जात न्हाई मी. हजेरी घेतो, रोख." त्यावर वस्तीत दोन तट पडले. मला आज दोन्ही बाजू पटतात. हलगी तीच, हात तोच. पण बदल्यात शिळी भाकरी मिळते की मोजून पैसे, यात एक युग बदलतं. आणि तरी गावानं त्याला ऑपरेटर, मॅनेजर, बुकिंग क्लार्क यातलं काही केलं नाही. हलगीवालाच केलं.

अण्णाभाऊंच्या कादंबरीवरचा 'फकिरा' १९६३ साली निघाला. तो आमच्याकडं लागला तेव्हा आजानं दोन आठवडे हलगी वाजवली. आजी सांगते, "त्या वक्ताला हात दुखतो म्हणला न्हाई." गिरणीत राबलेल्या, शाळेचं तोंड जेमतेम बघितलेल्या माणसानं लिहिलेली गोष्ट पडद्यावर आली होती. पुढं भोंगा लावलेली रिक्षा आली. हलगी खुंटीला गेली.

दुसरं पान आजीचं. तिच्याकडं झाडलोट. खेळ सुटायच्या आधी पाच-दहा मिनिटं ती झाडू घेऊन बाजूच्या दारातून आत यायची, पुढच्या खेळाची माणसं शिरायच्या आत टॉकीज साफ करायचं म्हणून. शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, पानाच्या पिचकाऱ्या. बाल्कनीतही पिचकाऱ्या असायच्या, हे स्मरणिकेत आलेलं नाही. असं पंचवीस वर्षं. त्यामुळं आजीला शेकडो सिनेमांचे शेवट पाठ आहेत. सुरुवात एकाचीही नाही. कोण कुणाचा कोण हे ठाऊक नसताना ती नुसता निकाल बघायची. कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, कोण पाया पडलं.

'सुजाता' १९५९ चा. आमच्याकडं पुढं कधीतरी फिरून लागला. ब्राह्मणाच्या घरात वाढलेली अस्पृश्याची पोरगी, आणि तिला मुलगी म्हणायला त्या आईची जीभ रेटत नाही. शेवटी आई मरायला टेकते, पोरीचं रक्त चालतं, मग आई तिला पोटाशी धरते. गावातल्या बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. आजी झाडू मारता मारता म्हणाली, "रगत काढून दिल्याबिगर लेक म्हणंना व्हय गं ही?" सिनेमावर मोठमोठे लेख मी नंतर वाचले. यापेक्षा थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही. 'अछूत कन्या' १९३६ चा. त्यात ती पोरगी शेवटी रेल्वेखाली जाते. तेवीस वर्षांनी सुजाता जगली, पण रक्त देऊन. पडद्यावर आम्हाला आत घ्यायचं तर आधी आमचं काहीतरी कापून घ्यायचं, असा तो दर होता. तिकिटासारखाच.

१९७४ च्या 'अंकुर'मध्ये शेवटी एक लहान पोरगा जमीनदाराच्या काचेवर दगड मारतो. हा मी मोबाइलवर बघितला. आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला 'फँड्री' आला, तेव्हा टॉकीज चालू होतं. मी शाळेत होतो. आजीला घेऊन गेलो. खुर्चीचं तिकीट काढलं आणि पाट्या पडायच्या आधी तिला नेऊन बसवलं. ती सारखी विचारायची, "आत्ताच सुरू झाला न्हवं?" तिच्या सत्तरीच्या उंबऱ्यावर सिनेमाची सुरुवात तिनं पहिल्यांदा बघितली. डुक्कर बांबूला बांधून नेतात, मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले. टॉकीजात चिडीचूप. आणि शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ आपल्याकडं, बघणाऱ्याकडं. बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "आपल्याला का मारला दगुड?" मी म्हणालो, आपल्याला नाही, जे नुसते बघत बसतात त्यांना. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग बराबर हाय. आपूनबी बघतच व्हतो की."

तिसरं पान बापाचं. तो केबिनमध्ये मदतनीस. केबिन म्हणजे भट्टी. दोन मशीनं. प्रत्येकात कार्बनच्या दोन काड्या समोरासमोर, एक धन, एक ऋण. त्यांच्यामध्ये ठिणगीचा जाळ, त्या जाळाचा पडद्यावर उजेड. काडी जळत जाते, अंतर वाढतं, उजेड पिवळा पडतो. मग हातानं काडी सरकवायची, नाहीतर पिटातून शिव्या. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका दिसतो, दुसरा ठिपका दिसला की दुसरं मशीन सोडायचं. लोकांना कळताही कामा नये. रीळ तुटलं तर खरवडून सोल्युशननं जोडायचं. हे सगळं बाप वीस वर्षं करत होता. ऑपरेटर दारू पिऊन झोपलेला असायचा तेव्हा तर एकटा करत होता. पण कागदावर तो मदतनीस. परवान्याच्या परीक्षेला अनुभवाचा दाखला लागतो म्हणून सांगितलं. दाखला मालकानं दिला नाही. "बघू", "पुढच्या महिन्यात", "सायेब नाहीत" यात वीस वर्षं गेली. आमच्या गिरणीत पेळूपासून वात काढणाऱ्या मशीनला सिम्प्लेक्स म्हणतात, आणि सिनेमाचं एक मशीनही सिम्प्लेक्स नावाचं असतं. मी गिरणीला लागलो तेव्हा बाप म्हणाला, "मशीन शिक, पर दाखला पयला माग."

मग संगणकाचा डबा आला. सिनेमा आकाशातून उतरायला लागला. पेटी नाही, रीळ नाही, काडी नाही. दोन्ही मशीनं किलोवर भंगारात गेली. बापही बाहेर.

चौथं पान टॉकीज का मेलं याचं. स्मरणिकेत लिहिलंय की लोकांची अभिरुची बदलली. अभिरुची! १९८२ साल घ्या. एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, त्यामागून व्हिडिओ. बाल्कनीवाले घरी बसले. त्याच साली १८ जानेवारीला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या. वरचा टीव्हीनं गेला आणि खालचा उपाशी राहिला म्हणून गेला. मग केबल. मग मोठ्या शहरांत मल्टिप्लेक्स, त्यांना सरकारनं करमणूक करात वर्षानुवर्षं सवलत दिली, आणि तालुक्याचं टॉकीज पूर्ण कर भरत राहिलं. २०१७ साली जीएसटी आला, करमणूक कर त्यात विरघळला, तोवर जीव गेलाच होता. मार्च २०२० मध्ये कोरोनानं टाळं लागलं. महाराष्ट्रातली थेटरं २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली. आमचं उघडलं नाही.

आता सिनेमा बघायचा तर शहरात मल्टिप्लेक्स. दोन तिकिटं आणि एसटीचं भाडं म्हणजे माझी एक दिवसाची हजेरी. तिथं एक गोष्ट लक्षात आली. मल्टिप्लेक्सला पिट नाही. सगळ्यांना सारखी गुबगुबीत खुर्ची. म्हणजे समता आली की काय? नाही दोस्तहो. पिट काढून टाकला, पिटातला माणूस आत घेतला नाही. तो दाराबाहेर राहिला. पूर्वी आम्हाला खाली बसवायला डोअरकीपर लागत होता, आता तेवढाही खर्च नाही. दर लिहिला की झालं. १५ वं कलम दारावरच्या माणसाला विचारू शकतं. दराच्या पाटीला कोणतं कलम विचारणार? पुढची लढाई ही आहे, आणि ती फक्त सिनेमाची नाही. शाळेच्या फीची आहे, दवाखान्याच्या बिलाची आहे.

टॉकीजच्या जागेवर आता गाळे होणार. वास्तू वाचवा म्हणून मी कुणाच्या दारात जाणार नाही. ती भिंत आमची नव्हती. पण त्या भिंतीच्या आत जे घडलं ते आमचंही आहे. ते आत्ताच लिहून ठेवलं नाही तर दहा वर्षांनी गावात एकच गोष्ट शिल्लक राहील – टॉकीजात सगळे गुण्यागोविंदानं सिनेमा बघत होते. हीच गोष्ट पुढं इतिहास म्हणून पोरांना शिकवतील.

म्हणून कामाचं बोलतो. तुमच्या तालुक्यालाही असं एक टॉकीज होतं. चालू असेल, बंद असेल, गोडाऊन झालं असेल. तिथं कुणी झाडलं, हलगी कुणी वाजवली, स्टँडवरून रिळांची पेटी डोक्यावर कुणी आणली, कोणत्या दारातून कोण आत जायचं, बायकांना कुठं बसवायचे, जिन्यावर कुणाला अडवलं, हे विचारा. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीला आहेत. आमच्याकडं दर रविवारी संध्याकाळी विहारात बसायचं ठरवलंय. पहिल्या दिवशी चार म्हाताऱ्या आल्या, दुसऱ्या दिवशी नऊ. आजी बोलायला लागली की थांबत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, ज्याला येतं त्यानं उतरून घ्यावं. म्हातारी जशी बोलते तसंच घ्या, पुस्तकी करू नका. शुद्धलेखन मागनं बघू.

जय भीम.